सलाम म्हटल्यावर

आमच्या सोसायटीतल्या कुलकर्ण्यांनी एकदा मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "राग मानू नका बाई, पण तुम्ही नोकरी करत होतात म्हणजे नक्की काय करत होतात?" मी पाळक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवत होते, हे त्यांना माहीत होतं. पाळक म्हणजे चर्चची मंडळी सांभाळणारा माणूस, हेही माहीत होतं. त्यांची अडचण पुढची होती. मी म्हटलं, "मुलांना प्रार्थना करायला शिकवत होते." कुलकर्णी दोन पायऱ्या उतरले, थांबले आणि वळून म्हणाले, "आणि त्याला पगार होता?"

होता. बेताचा, पण होता. नाताळच्या अंकासाठी काहीतरी लिहा अशी संपादकांनी गळ घातली, तेव्हा मला पहिल्यांदा कुलकर्णीच आठवले. त्यांना जिन्यात देता आलं नाही ते उत्तर इथे देऊन टाकते.

विद्यालयातले बाकीचे विषय सरळ होते. शास्त्राचा अभ्यास, मंडळीचा इतिहास, उपदेश कसा करायचा, लग्न कसं लावायचं, मयतीला काय बोलायचं. माझ्या विषयाचं नाव होतं 'आध्यात्मिक जडणघडण'. मुलांनी त्याचं 'जड' करून टाकलं. "आज जडचा तास आहे का रे?" असं व्हरांड्यात माझ्यासमोरच विचारायची. ज्याला उद्या दुसऱ्याच्या दुःखात जाऊन उभं राहायचं आहे, त्याच्या स्वतःच्या आत काही आहे की नुसताच झगा आहे, हे पाहणं म्हणजे हा विषय. एकांतातली प्रार्थना, शास्त्र सावकाश वाचणं, उपास, मौन, आपली चूक कोणापाशी तरी कबूल करणं, आजाऱ्याजवळ बसणं. याला आम्ही शिस्त म्हणायचो. तिची परीक्षा घेता येत नाही. 'देवाशी जवळीक: शंभरपैकी बासष्ट' असं कसं लिहिणार? मग मी मुलांना मेसमध्ये पाहायचे. शेवटची पोळी कोण उचलतो, वॉचमनला कोण 'अहो' म्हणतो आणि कोण 'ए' म्हणतो. एवढ्यावरून बरंच कळतं.

मी स्वतः या शिस्तीत कितपत बसत होते ते आमच्या ह्यांना विचारायला हवं होतं. हे टेलिफोन खात्यात होते. जन्मभर लोकांच्या बोलण्याची सोय केली, स्वतः मात्र मोजकंच बोलले. मी मौनाचा तास घेऊन घरी आले की दिवसभराचं साठलेलं बोलत सुटायचे. हे शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझ्या मौनाचं बिल मला येतं."

उपासाची एक गंमत सांगते. आमच्यात उपास म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. पुण्यात उपास म्हणजे काय, हे पुण्याच्या वाचकाला सांगायला नको. आमचा एक नगरकडचा विद्यार्थी कसबा पेठेत एका काकूंकडे खोली घेऊन राहायचा. शुक्रवारी त्याचा उपास असतो हे काकूंना कळलं, आणि पुढच्या शुक्रवारी दारात साबुदाण्याची खिचडी आली, वर दही, शेजारी बटाट्याचा कीस. तो खाऊन मोकळा झाला आणि तोंड पाडून माझ्याकडे आला. "बाई, उपास मोडला." मी विचारलं, "खिचडी कशी होती?" तो प्रामाणिक मुलगा. म्हणाला, "चांगली होती. कूट जरा जास्त होतं." प्रेमानं आलेली बशी परत पाठवल्यानं देव खूश होत असेल असं मला वाटत नाही, हे मी त्याला सांगितलं, पण काकूंना आधी कल्पना दे, असंही सांगितलं. त्यानं दिली. "काकू, आमच्यात उपासाला काहीच खात नाहीत." काकू म्हणाल्या, "मग तो उपास कसला? उपासमार आहे ती!" आणि शनिवारी सकाळी त्याला दुप्पट पोहे घातले.

मौनाचंही तसंच. महिन्यातला एक दिवस विद्यालयात दुपारपर्यंत कोणी बोलायचं नाही असा रिवाज होता. एकदा नेमका त्याच दिवशी गॅसवाला आला. "सिलिंडर!" म्हणून ओरडला. मुलांनी ओठावर बोट ठेवून स्वयंपाकघराकडे हात केला. त्यानं दोघा-तिघांना काही विचारलं, कोणी बोलेना. शेवटी त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि वॉचमनला हळूच विचारलं, "कोण गेलं?" एरवी सिलिंडर आदळून फरशा फोडणारा हा माणूस, त्या दिवशी त्यानं तो तान्ह्या मुलासारखा खाली ठेवला. मी मुलांना म्हटलं, बघा, मौनाचा परिणाम तुमच्याआधी त्याच्यावर झाला.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते. पाळकाच्या तोंडी एक वाक्य फार लवकर बसतं. 'प्रार्थनेत ठेवतो.' कोणी म्हणालं मुलाला नोकरी नाही, की 'प्रार्थनेत ठेवतो.' कोणी म्हणालं सुनेशी पटत नाही, 'प्रार्थनेत ठेवतो.' बिल्डरनं 'बघू या' म्हणावं तसं. माझ्या वर्गात नियम होता की हे वाक्य म्हणायचं असेल तर तिथेच, त्या माणसाजवळ बसून प्रार्थना करायची आणि मग निघायचं. नाहीतर म्हणायचं नाही. या नियमावर मुलं वैतागायची, कारण मग कुठूनच वेळेवर निघता यायचं नाही.

एकटा प्रीतम वैतागायचा नाही. प्रीतम हडपसरचा. वडील कारखान्यात कामगार आणि तिथल्या छोट्या मंडळीतले ज्येष्ठ. मुलगा पाळक व्हावा ही त्यांचीच इच्छा. प्रार्थना प्रीतमच्या जिभेवर तयारच असायची. आवाज भरदार, मराठी शुद्ध, कुठे थांबायचं आणि कुठे चढवायचं याची जन्मजात जाण. कोणाच्या घरी प्रार्थनासभा असली की लोक विचारायचे, "तो प्रार्थनेवाला मुलगा येणार आहे ना?" मलाही त्याचं कौतुक होतं, आणि ते मी लपवत नसे.

तो शेवटच्या वर्षाला असताना त्याचे वडील आजारी पडले. प्रीतमनं सगळं विद्यालय प्रार्थनेला बसवलं. वडील गेले. मयतीच्या वेळी त्यानं स्वतः प्रार्थना केली आणि स्मशानभूमीतला एकेक माणूस रडला. मीही रडले. पुढच्या आठवड्यात तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, "बाई, माझं नाव प्रार्थनेच्या पाळीतून काढा."

मी म्हटलं, "का रे?"

"शब्द येतात. ऑटोमॅटिक येतात. प्रार्थना येत नाही." मग खाली बघत म्हणाला, "बाबांच्या मयतीला सगळे रडत होते आणि मी माझीच प्रार्थना ऐकत होतो. मस्त झाली असं वाटलं मला. बाबा समोर पडलेत, आणि मला वाटतंय, मस्त झाली. मी फेक आहे, बाई."

इतक्या वर्षांत असं कोणी माझ्यापाशी बोललं नव्हतं. प्रार्थना जमत नाही म्हणणारे पुष्कळ यायचे. प्रार्थना फार चांगली जमते म्हणून घाबरलेला हा पहिलाच. हडपसरच्या आयटी पार्कमध्ये चुलतभावानं कॉल सेंटरची नोकरी बघून ठेवली होती. महिनाअखेरीस मी जातो, म्हणाला.

दोन दिवसांनी त्याची आई आली. डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. "सलाम, बाई," म्हणाली आणि खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिली. "त्याच्या बापानं जन्मला तवाच देवाला वाहिलाय त्याला. आता ह्यो म्हनतो, फोनवर बोलायची नोकरी करतो. तुमी सांगा की त्याला." मी तिला बसवलं, चहा दिला, पण कसलाच शब्द दिला नाही. बापाच्या इच्छेखातर पाळक झालेले मी पाहिले आहेत. त्यांची मंडळी त्यांना सहन करते आणि ते मंडळीला. प्रीतम तसा होऊ नये आणि पळूनही जाऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं, आणि दोन्ही कसं जमवायचं ते सुचत नव्हतं.

शेवटी मी त्याला एक सत्र मागितलं. त्या सत्रात त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची नाही, कुठेही, कोणीही सांगितलं तरी. त्याऐवजी दर बुधवारी दुपारी बिबवेवाडीला रत्नाताईंकडे जाऊन बसायचं. रत्नाताई म्हणजे एका मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. पेशंट औषधानं कमी आणि त्यांच्या धाकानं जास्त बरे होतात, असं डॉक्टर म्हणायचे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तिसऱ्या मजल्यावर मुलगा-सुनेकडे पडून होत्या. मी प्रीतमला म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही आणि तूही बोलायचं नाहीस. नुसता बस."

"बसून काय करू?"

"ते बसल्यावर कळेल," मी म्हटलं. मलाही ठाऊक नव्हतं, पण शिक्षकानं तसं दाखवायचं नसतं.

पहिल्या बुधवारी तो लवकर परत आला. दुसऱ्या बुधवारी आणखी लवकर. म्हणाला, "बाई, त्यांना मी नको आहे. थोडा वेळ बसलो की त्या सलाम म्हणतात."

इथे परक्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मराठी ख्रिस्ती लोक भेटल्यावर नमस्काराऐवजी सलाम म्हणतो आणि निघतानाही सलामच म्हणतो. आमच्या चौकातले फळवाले बागवानचाचा मला नेहमी चिडवतात, "बाई, तुमचा सलाम अर्धाच कसा? बाकीचा 'आलेकुम' घरी ठेवून आलात?" तर हा आमचा अर्धा सलाम येताना 'या' असतो आणि जाताना 'बरं, मग या आता.' गप्पा रेंगाळल्या आणि वडीलधाऱ्यांनी "बरं तर, सलाम" म्हटलं, की वळण असलेल्या मुलानं उठायचं असतं. प्रीतमला चांगलं वळण होतं. तो उठायचा, मान लववून सलाम म्हणायचा आणि जिना उतरायचा.

तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी रत्नाताईंच्या सुनेचा, शैलाचा फोन आला. आवाज चढलेला होता. "बाई, तो तुमचा विद्यार्थी असा काय हो? आई त्याला थांब थांब म्हणतात आणि हा उठून चालू लागतो. मग त्या तासभर रडतात."

मी म्हटलं, "थांब म्हणतात? तो तर सांगतो, त्या सलाम म्हणतात."

"सलाम म्हणतात की! तेवढा एकच शब्द राहिलाय त्यांच्याकडे. पाणी पाहिजे, सलाम. पाय दुखतोय, सलाम. टीव्ही बंद कर, सलाम. थांब, तरी सलामच. दुसरं काय म्हणणार त्या?"

झटक्यात सगळी भाषा पुसली जाते आणि एखादाच शब्द शाबूत राहतो, असं होतं म्हणे. कोणाकडे शिवी उरते, कोणाकडे मुलाचं नाव. रत्नाताईंनी जन्मभर वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ जाऊन जो शब्द उच्चारला तो त्यांच्याकडे राहिला. मी हे प्रीतमला सांगितलं. "म्हणजे त्या थांब म्हणत होत्या, आणि मी…" एवढंच म्हणाला. पुढच्या बुधवारची वाटही न पाहता त्याच संध्याकाळी बस पकडून बिबवेवाडीला गेला.

नंतर एकदा मीही त्याच्याबरोबर गेले. रत्नाताई उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सलाम!" हा नेहमीचा. मग खिडकीकडे बघून जरा चढ्या आवाजात, "सलाम." प्रीतम उठला आणि पडदा ओढला. "सलाम, सलाम," त्या कपाळाला आठी घालून म्हणाल्या. त्यानं पडदा अर्धा परत उघडला. "ऊन नको, पण वारा पाहिजे," त्यानं मला समजावलं. मी त्यांना विद्यालयाच्या बातम्या सांगत सुटले, तशी त्यांनी डावा हात वर करून मला असा काही सलाम ठोकला की वॉर्डातल्या नर्सा का थरथरायच्या ते मला कळलं. प्रीतम खो खो हसला. बाप गेल्यावर त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. म्हणाला, "बाई, त्या तुम्हाला गप्प बसायला सांगतायत." घरी येऊन मी हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांचा पत्ता दे. मला शिकवणी लावायची आहे."

सत्र संपत आलं तसा प्रीतम एका बुधवारी माझ्या खोलीत येऊन बसला. बराच वेळ काही बोलला नाही आणि मी, माझ्या स्वभावाला न शोभेल असं, वाट पाहिली. मग म्हणाला, "आज त्यांनी माझा हात धरला. डोळे मिटले आणि हळू आवाजात सलाम म्हणायला लागल्या. म्हणतच राहिल्या. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून उठायला लागलो, तर हात सोडेनात. मग लक्षात आलं, बाई. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या."

"मग तू काय केलंस?"

"मीपण म्हणालो. त्यांच्याबरोबर. सलाम. तेवढंच." त्यानं नाक पुसलं. "छान झाली की नाही, ते बघायचं राहूनच गेलं."

मी उठून खिडकीशी गेले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कॉल सेंटरचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही.

तरी मुलाखत बाकी होती. पाळकपदासाठी कोणाची शिफारस करायची हे ठरवायला प्राचार्य, मी आणि मंडळीतले दोन ज्येष्ठ बसायचो. सुरुवातीला उमेदवारानंच प्रार्थना करायची असा प्रघात. प्रीतमचं नाव सर्वांनी ऐकलं होतं, त्यामुळे दोन्ही ज्येष्ठ मैफलीला बसावं तसे सावरून बसले. प्रीतम म्हणाला, "मला अजून मोठ्यानं प्रार्थना येत नाही. आपण थोडं गप्प बसू या का?" आणि डोळे मिटून बसला. पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. एका ज्येष्ठांनी घड्याळ पाहिलं, मग छत पाहिलं, आणि शेवटी खास पुणेरी स्वरात विचारलं, "झाली का?"

प्रीतम बाहेर गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "बाई, ज्याला प्रार्थना येत नाही तो पाळक कसा होणार? तुमच्या विषयाचाच प्रश्न आहे हा." प्राचार्यही माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "प्रार्थना येत नसलेले पाळक आपण पुष्कळ पाठवले. येत नाही हे ज्याला ठाऊक आहे असा हा पहिला आहे. मला उद्या अंथरुणाला खिळायची वेळ आली, तर माझ्याजवळ हाच मुलगा बसलेला चालेल मला." वाद झाला. मी आवाज चढवला, ज्येष्ठांनी माझी सेवानिवृत्ती किती जवळ आली आहे त्याची आठवण करून दिली. शेवटी एक वर्ष लहान मंडळीत मदतनीस म्हणून पाहू, असं ठरलं. त्या वर्षातच रत्नाताई गेल्या. त्यांच्या मयतीला प्रीतमनं पुस्तकातली नेमलेली प्रार्थना वाचली, स्वतःचं एक अक्षर जोडलं नाही. काही लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. शैलानं मात्र त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पुढे त्याला पाळकपद मिळालं आणि त्याच्या आईनं मला पेढे आणून दिले.

मी निवृत्त झाले. हे आणि मी दोघंच घरात. आता तरी बिल कमी येईल असं ह्यांना वाटलं असेल, पण उलटंच झालं. गेल्या पावसाळ्यात हे गेले. फार त्रास न होता, दुपारच्या झोपेत. आता वाटतं, एखादी संध्याकाळ मी गप्प बसायला हवं होतं. ह्यांना काही सांगायचं असेल तर जागा तरी राहिली असती.

लोक आले. मंडळी आली, सोसायटी आली. कुलकर्ण्यांनी तर सगळी धावपळ स्वतःच्या अंगावर घेतली. माझे विद्यार्थीही आले, आता गावोगावचे पाळक झालेले, केस पिकलेले. एकेक जण हात हातात घ्यायचा, मान हलवायचा आणि जिन्याकडे वळताना म्हणायचा, "प्रार्थनेत ठेवतो, बाई." माझ्याच वर्गातली पोरं. मला हसू आलं आणि रागही आला. रडू मात्र येत नव्हतं. मी प्रत्येकाशी बोलत होते, ह्यांचे विनोद सांगत होते, चहा विचारत होते. माझेही शब्द ऑटोमॅटिक येत होते.

प्रीतम आला तेव्हा गर्दी ओसरली होती. तो खुर्चीवर बसला आणि काहीच बोलला नाही. मी बोलत राहिले, हळूहळू माझं बोलणं संपलं, तरी तो बसूनच. समोर ह्यांची रिकामी खुर्ची होती. मला एकदम वाटलं, यानं आता जावं. याच्यासमोर रडायला नको. मी उठले, दाराशी गेले, कडी काढली आणि शिक्षिकेच्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "बरं तर प्रीतम, सलाम."

तो उठला. माझ्याकडे नीट पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेला, पेलाभर पाणी आणून माझ्या खुर्चीजवळ ठेवलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसला.

मग मी दार लावलं, खुर्चीत येऊन बसले आणि रडले.